हणमंत विटकरांची संमती

"इथं बस," शिपाई म्हणाला, आणि हणमंत विटकर माझ्यासमोरच्या बाकाच्या अगदी कडेला टेकले. केव्हाही उठवतील अशा बेतानं.

"नाव?"

"हणमंत सिद्राम विटकर."

"वय?"

"कागदावर बेचाळीस हाय."

"आणि खरं?"

ते थोडं हसले. "आता त्येच खरं धरा की."

मी पेन्सिलीनं बेचाळीस लिहिलं. जिल्हा कारागृहात आत पेन न्यायला बंदी होती. फॉर्म पेन्सिलीनं भरायचे आणि संध्याकाळी लॉजवर येऊन पेनानं गिरवायचे, असं आमचं चाललं होतं. सहीपुरतं पेन तेवढं शिपाई आपल्या खिशातलं द्यायचा आणि लगेच परत घ्यायचा.

मी तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सबनीस मॅडमनी संशोधनाचा प्रकल्प घेतला होता. खटला उभाही राहिलेला नसताना कोण किती दिवस तुरुंगात राहतं, आणि त्याचा जातीशी, शिक्षणाशी, जमिनीशी काय संबंध असतो, हे शोधायचं. साठ अर्जांतून आठ जण निवडले, दोघादोघांच्या जोड्या केल्या. माझा जोडीदार हिंगोलीकडचा दिगंबर खिल्लारे. आम्ही दोघांनी मिळून चाळीस कच्च्या कैद्यांशी बोलायचं आणि त्यांतल्या वीस जणांच्या घरी जायचं, असं ठरलेलं होतं.

घरी जाण्याबद्दल मॅडमनी निघताना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. "त्यानं हो म्हटलं तरच जायचं. आत गेल्यावर त्याला कशालाच नाही म्हणता येत नाही. जेवायला नाही, झोपायला नाही. एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात राहू दे."

त्यासाठी फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता. कुटुंबाला भेटण्यास संमती : हो, नाही. आणि खाली सही.

विटकर दगडाच्या खाणीवर डंपर चालवायचे. गाव ताडशिंगी, तिथून दोन तालुके पलीकडे. खाणीजवळच्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या, तेव्हा पोलिसांनी खाणीवरच्या वडारांच्या पालांतून तिघांना उचललं. त्यांतले हे एक. अकरा महिने झाले होते. तारखा पडत होत्या, पण खटला सुरू झाला नव्हता.

"मोटारी तुमच्याकडे सापडल्या?"

"माझ्याकडं न्हाई. कागदावर सापडल्या."

"म्हणजे?"

"म्हंजी मी दाखवून दिल्या म्हनून जबाबात हाय. खाली सही माझी."

"मग सही का केलीत?"

"दोन दिस ठेवलं की आदी," ते एवढंच म्हणाले, आणि शिपायाकडं बघून गप्प झाले.

"काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?"

"वाचाया येत न्हाई, बाई. सही येती निस्ती. पोरीनं शिकवली." पोरीचं नाव निघाल्यावर ते बाकावर जरा मागे सरकून नीट बसले. "सारिका. बारावी झाली. कालिजात घालायची हुती, पन मधी ह्ये आसं झालं."

मी त्यांना आणखी सात-आठ प्रश्न विचारले. शेवटच्या रकान्याचाही विचारला, त्यांनी उत्तर दिलं, मी खूण केली. शिपायानं पेन दिलं. विटकरांनी फॉर्म मांडीवर घेतला, 'ह'पाशी थोडे थांबले आणि मग उरलेलं नाव एका दमात लिहून काढलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एकोणीस घरं झाली होती. ज्यांनी आधी होकार दिला होता, त्यांतल्या एकाच्या घराला कुलूप होतं आणि एक बाई बोलायलाच तयार झाली नाही. शुक्रवारी सगळे फॉर्म पुण्यात पोचवायचे होते. शिवाय एक गोष्ट होती. ज्यांचं काम उत्तम होईल अशा दोघांना मॅडम ऑगस्टमध्ये दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचायला नेणार होत्या. बाकीच्या तिन्ही जोड्यांची वीस घरं झाल्याचं फोनवर कळलं होतं.

"एकोणीस तर एकोणीस," दिगंबर म्हणाला. आम्ही लॉजच्या खालच्या हॉटेलात मिसळ खात होतो. "झालं नाही म्हणून लिहू या."

"अजून एक आहे. विटकर. ताडशिंगीचे."

"त्यांचा हो आहे?"

"आहे." मी पिशवीतून फॉर्म काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं हात पुसून तो घेतला, शेवटचं पान बघितलं आणि परत दिला.

"मग जाऊ की उद्या," तो म्हणाला.

ताडशिंगीला एसटी साडेबाराला पोचली. विटकरांचं घर गावाबाहेर ओढ्याच्या कडेला, दगडी भिंती आणि वर पत्रा. भिंती इतक्या नेटक्या होत्या की गावातल्या कुणाच्या नसतील. अंगण शेणानं ताजं सारवलेलं होतं. दाराशी चपलांचे आठ-दहा जोड बघून दिगंबर थबकला.

"पाहुणे आहेत. नंतर येऊ."

"परतीची गाडी चारला आहे, शेवटची. आणि दोन मिनिटांचं तर काम."

ते दोन मिनिटांचं नव्हतं. फॉर्म आठ पानी होता.

अंगणात लिंबाखाली सतरंजीवर पाच-सहा पुरुष बसले होते. पोह्याच्या रिकाम्या बशा बाजूला सारलेल्या, मध्ये पानसुपारीचं ताट. एक बाई पदर सावरत आमच्याकडं आली. ती विटकरांची बायको, शेवंता.

"आम्ही कॉलेजातून आलोय," मी आवाज खाली ठेवून म्हटलं. "एक पाहणी चालली आहे. जरा आत बसून बोलू या का?"

तिला लगेच कळलं. कसं कळलं कोण जाणे, पण तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. ती माझ्या आणि सतरंजीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आज नगं, ताई. उद्या या. हवं तर मीच येते, तुमी म्हनाल तिकडं."

"उद्या आम्हाला पुण्याला जायचंय."

"मग ऱ्हाऊ द्या की. पाया पडते."

दिगंबरनं माझ्या बाहीला ओढलं. मी वळले असते, असं मला अजून वाटतं. तेवढ्यात सतरंजीवरून एक गृहस्थ उठून आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मागाहून कळलं, सारिकेला बघायला आलेल्या मुलाचे ते मामा, एका शाळेत क्लार्क होते. सरकारी कागद दिसला की पुढं व्हायची सवय असलेला माणूस.

"कसली पाहणी, मॅडम? बघू. ह्यांना कळायचं नाही, मी सांगतो समजावून."

त्यांनी मदतीसाठीच हात पुढं केला होता. मी फॉर्म छातीशी धरला होता, पण पुरता धरला नव्हता. त्यांच्या हातात तो सहज गेला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"तुरुंगातील कच्च्या कैद्यांची कुटुंबे. पाहणी. बंद्याचे नाव, हणमंत सिद्राम..."

तिथं ते थांबले. वरची माहिती मीच लॉजवर सुवाच्य अक्षरात भरून ठेवली होती. कलमासकट.

त्यांनी चष्मा काढला. मग मामा शेवंताकडं वळून म्हणाले, "तुम्ही तर सांगितलं, सुरतला असतेत. ट्रकवर."

शेवंता खाली बघत उभी राहिली.

दाराच्या उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती, विटकरांची आई. तिला कमी ऐकू यायचं असावं. "कोन तुरुंगात हाय?" ती विचारायला लागली. "ए शेवंते, कुनाच्या तुरुंगाचं चाललंय? कोन गेलंय?" कुणी उत्तर देईना, म्हणून ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.

पाहुणे उठले. भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. मामांनी फॉर्मची नीट घडी घालून तो माझ्या हातात परत दिला आणि "येतो आम्ही" असं शेवंताला रीतसर सांगून ते निघाले. ताटातल्या सुपारीला कुणी हात लावला नाही.

म्हातारीच्या मागं दारात सारिका उभी होती. मोरपंखी साडी, हातात चहाचा ट्रे. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सरळ माझ्यापुढं आली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असेल.

"आमचा पत्ता कुनी दिला तुमाला?"

मी काय बोलायला हवं होतं, ते मला त्या क्षणीही माहीत होतं.

"तुमच्या वडिलांनी," मी म्हटलं. "त्यांनीच या म्हणून सांगितलं."

"अण्णांनी?"

"हो. सही आहे त्यांची."

 ती वळून आत गेली. 

फाट्यापर्यंतचा रस्ता दिगंबर माझ्या पुढं दहा पावलं चालत होता. फाट्यावर बाभळीच्या सावलीत उभं राहिल्यावर त्यानं एकदाच विचारलं, "त्यांनी खरंच हो म्हटलं होतं का गं?"

"फॉर्म बघितलास ना तू?"

"बघितला."

त्यानं परत कधी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं.

आठ दिवसांनी पुण्यात मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. भेटीच्या दिवशी शेवंता तुरुंगात गेली होती आणि जाळीपलीकडच्या नवऱ्याला तिनं सगळ्यांदेखत बोल लावले होते. सारिकेचं मोडलं, म्हातारीनं अन्न सोडलं, आणि तूच त्यांना घरी धाडलंस म्हणून. तिचं रडणं-ओरडणं आवरायला दोन शिपाई लागले. जेलरनी मॅडमना फोन करून सांगितलं होतं की असा तमाशा होणार असेल तर परवानगी रद्द, आणि चारही जिल्ह्यांना तसं कळवू.

"संमती होती ना?" मॅडमनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत दिगंबर म्हणाला, "होती, मॅडम. मी स्वतः फॉर्म बघितलाय. शलाकाकडून अशी चूक व्हायची नाही."

"ठीक. मग आपण जाऊन विटकरांनाच विचारू. शलाका, तू चल माझ्याबरोबर."

इथपर्यंत मी एक गोष्ट सांगायची टाळली आहे. ती आता सांगते.

त्या दिवशी बाकावर बसून मी विटकरांना शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा ते पहिल्यांदा घाईनं बोलले. "न्हाई न्हाई. घरला नगा जाऊ. शेवंताला म्हाईत हाय, पन बाकी कुनाला न्हाई. आयला सांगितलंय, सुरतंला हाय गाडीवर. आन सारिकेचं जमवायचं चाललंय. ही आसली गोष्ट कळली तर कोन करंल?" मी मान हलवली. "जायचं न्हाई बगा," ते परत म्हणाले. मी 'नाही'वर पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, त्यांच्यासमोर. त्यांनी सही केली ती त्या नकाराखाली.

मिसळ खायच्या आदल्या संध्याकाळी, दिगंबर बूथवर घरी फोन करायला गेला असताना, पेनानं गिरवायची राहिलेली ती खूण मी खोडरबरानं पुसली आणि 'हो'वर पेनानं दुसरी केली. मनात म्हटलं, बायकोला तर माहीतच आहे, तिच्याशीच हळूच बोलायचं, कुणाला कळतंय! रबराचा चुरा मी फुंकरीनं उडवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जेलरच्या खोलीत मॅडम खुर्चीवर बसल्या, मी त्यांच्या शेजारी. एका हवालदारानं विटकरांना आणलं. ते हात पोटाशी धरून उभे राहिले. महिन्याभरात गालफडं आत गेली होती. मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, पण त्यांनी जेलरकडं बघितलं आणि ते उभेच राहिले.

"विटकर," मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरी जे झालं, त्याचं मला फार वाईट वाटतंय. मला फक्त खरं काय ते हवंय. आमची मुलं तुमच्या घरी जातील, याला तुम्ही हो म्हटलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघायला लागले.

"कागदावर काय हाय?" त्यांनी विचारलं.

"कागदावर हो आहे."

"सही?"

"तुमची आहे."

"मग म्हनलोच आसंन, बाई."

"असेन नको. आठवून सांगा. तुम्हाला कुणी काही करणार नाही."

"आठवून काय करू? कोर्टात मागं लई आठवून सांगितलं. साहेब म्हनले, सही तुजीच हाय न्हवं? म्हनलं, हाय. मग झालं तर, म्हनले."

 मॅडम थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या माझ्याकडं वळतील. वळल्या असत्या, तर मी कदाचित बोलले असते. न वळताही बोलता आलं असतं. त्यासाठी मला भरपूर वेळ मिळाला होता. एवढा वेळ, की हवालदार दोनदा खोकला.

"संपलं मग," जेलर म्हणाले. "मॅडम, तुमची मुलगी बरोबर आहे. ने रे ह्याला."

गाडीत मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. नियमानं वागलं तरी कधी कधी असं होतं."

दिल्लीला मी गेले. दिगंबरलाही बोलावलं होतं, पण त्यानं घरी काम आहे म्हणून कळवलं. वाचता न येणाऱ्या माणसांच्या सह्या कशा घेतल्या जातात आणि पुढं त्या सह्याच त्यांच्याविरुद्ध कशा उभ्या राहतात, यावर मी निबंध वाचला. विटकरांचं नाव बदलून त्यांची गोष्ट त्यात घातली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक वयस्क वकील येऊन म्हणाले, बेटी, इतक्या तळमळीनं लिहिणारं मी बघितलं नाही. त्या निबंधावर मला पुढची शिष्यवृत्ती मिळाली आणि तिच्यावर पुढची नोकरी.

आणि एवढी वर्षं मी स्वतःची एक समजूत घालून घेतली होती. त्या माणसानं मला वाचवलं. त्याला सगळं माहीत होतं, पण माझ्या वयाकडं बघून, त्याच्या पोरीसारखीच एक पोर म्हणून, त्यानं खोटं स्वतःवर घेतलं. त्याच्या मोठेपणाची आठवण झाली की माझे डोळे भरून यायचे. रडून झाल्यावर बरं वाटायचं.

नऊ वर्षांनी मी स्वतः विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या प्रकल्पावर पाठवायला लागले. पहिल्याच बैठकीत एका मुलीनं विचारलं, "मॅम, कैदी नाही म्हणाला पण त्याच्या घरचे बोलायला तयार असतील, तर?" मी उत्तर दिलं, चांगलं सविस्तर दिलं. त्यानंतरच्या शनिवारी मी ताडशिंगीची गाडी पकडली.

विटकर घरीच होते. सव्वादोन वर्षांनी निर्दोष सुटले होते. म्हातारी ते सुटायच्या आधीच गेली. शेवंतानं मला ओळखलं आणि एक शब्दही न बोलता ती मागच्या दारानं शेताकडं निघून गेली. विटकरांनी अंगणात बाज टाकली. स्वतः पायरीवर बसले.

"त्या कागदावर तुम्ही 'नाही' म्हटलं होतं," मी म्हटलं. "मी ते पुसून 'हो' केलं."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "मीच म्हनलो हुतो न्हवं, न्हाई म्हनून."

"तरी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी ते..."

"तुमच्यासाठी?"

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते विचार करत राहिले.

"तवा तुमचा इचार कुटला, बाई," ते शेवटी म्हणाले. "त्यो हवालदार हुता न्हवं आनायला? त्यानं जिन्यातच सांगितलं. म्हनला, मोठ्या कालिजच्या मानसांवर आळ घेतलास तर बायकोची भेट बंद. साहेबांचं नाव खराब व्हतंय म्हनला. म्हैन्यातनं एकदा ती यायची. तिचं त्वांड दिसायचं, शिव्या दिल्या तरीबी. ती बी गेली आसती."

 ते माझ्याकडं रागानं बघत नव्हते आणि मायेनंही नाही. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

"एक काम कराल?"

"सांगा."

"सारिकेला सांगा ह्ये. ती वडजीला दिलीया, हितनं आठ मैल. ती माज्याशी बोलत न्हाई."

"इतक्या वर्षांत?"

"पाव्हन्यासारखं बोलती. बरं हाय का, जेवला का. म्या सांगाया गेलो हुतो यकदा. म्हनली, अण्णा, सही कुनाची हुती?"

वडजीला सारिका अंगणवाडीत मदतनीस होती. मी पोचले तेव्हा मुलं घरी गेली होती आणि ती खिचडीचं पातेलं घासत होती. तिचा दोन-अडीच वर्षांचा मुलगा दारात खडूनं फरशीवर रेघा ओढत होता. मी नाव सांगितल्यावर ती उठली, हात धुतले, ओचा सोडला.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पेन्सिलीची खूण, खोडरबर, अंगणात मी तिला दिलेलं उत्तर, जेलरची खोली, आणि सकाळी कळलेलं जिन्यातलं. मध्येच ती एकदा म्हणाली, "थांबा, परत सांगा. अण्णा काय म्हनले हुते तुमाला, पैल्यांदा?"

"जायचं नाही, म्हणाले. दोनदा म्हणाले. तुमचं जमतंय, कळता कामा नये, म्हणाले."

तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले.

"लग्नात आयच्या भावानं कन्यादान केलं माजं," ती म्हणाली. "अण्णा आले हुते सुटून. मी सांगितलं, ते मांडवात नकोत. सांगितलं म्हनून भाईर बसले. पत्रावळ्या वाढायच्या तिथं. कुनाला कायबी बोलले न्हाईत."

"चूक माझी होती."

"ते झालंच." तिनं डोळे उघडले. "पन मी इचारलं का न्हाई? तुमी त्या दिवशी दोन मिन्टं आलाव, आन तुमचं खरं धरलं मी. का, तर तुमच्या हातात कागद. आन ते माजे अण्णा."

 मी "मला माफ करा" म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं.

"ते नका म्हनू आता. जावा तुमी. साडेपाचची गाडी हाय."

थांब्यावर मी एकटीच होते. गाडी आली, मी चढून मागच्या बाकावर बसले. कंडक्टरनं घंटा दिली आणि तेवढ्यात कुणीतरी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडलं. सारिका मुलाला काखेला मारून पळत येत होती. साडी तीच, कामाची, पदराला खिचडीचा डाग. ती वर चढली, तिनं मला बघितलं आणि ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"ताडशिंगी फाटा."

"परत यायला गाडी न्हाई बरं का आता, ताई."

"म्हाईत हाय."

सगळा वेळ मला तिची पाठ दिसत होती. पोरगं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होतं. फाटा आला, ती उतरली. मी खिडकीतून बघितलं. ती गावाच्या रस्त्याला लागली होती, पहिल्यांदा चालत, मग मुलाला दुसऱ्या काखेला घेऊन भराभर, मग जवळजवळ धावत. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.